उंदराला विचारलेले प्रश्न

जळकोट, उदगीर, कंधार हा बालाघाटच्या डोंगररांगांचा पट्टा. आज पावसाळ्यात इथे नजर जाईल तिथवर सोयाबीन दिसतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी इथल्या माणसाचं पोट ज्वारीवर चालायचं. दोन्ही वेळेला भाकरी, कधी कण्या, आणि कणगीचा तळ दिसू लागला की तीही पोटभर नाही. डाळ बेताची, दूध बहुधा विकायला. मराठवाडा आणि तेलंगण पसरलेत त्या दख्खनी पठारावर डॉक्टरांना एक आजार पुन्हा पुन्हा दिसे. उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावरची, म्हणजे हाताची, पायाची, गळ्याभोवतीची कातडी काळवंडायची, भेगाळायची आणि सोलून निघायची. जुलाब लागायचे. माणूस गप्प व्हायचा, झोप उडायची, कशातच मन लागायचं नाही. आजार लांबला तर भ्रमही व्हायचा. हा पेलाग्रा.

पेलाग्रा म्हणजे मका खाणाऱ्या गरिबांचा आजार, असं जगभरची वैद्यकीय पुस्तकं सांगत होती. निकोटिनिक ॲसिड हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी पडलं की तो होतो, हे १९३७ मध्येच कळलं होतं. हे जीवनसत्त्व आपलं शरीर ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासूनही थोडंफार बनवतं. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी असतं, म्हणून मक्याचा दोष समजण्यासारखा होता. ज्वारीत मात्र ते मक्याइतकं कमी नसतं. मग ज्वारी खाणाऱ्याला पेलाग्रा का व्हावा?

हा प्रश्न धरून बसले ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन. ही संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला एका लहानशा प्रयोगशाळेतून सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. जळकोटचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. राज्यं फुटली तरी जेवणाचं ताट आणि आजार दोन्हीकडे सारखेच राहिले. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये एक वेगळा संशयित पुढे आणला. ज्वारीत ल्युसिन नावाचं दुसरं एक अमिनो आम्ल फार जास्त असतं. ते ट्रिप्टोफॅनच्या कामात आडवं येत असावं, असा त्यांचा तर्क होता.

तर्क तपासायला प्राणी हवा होता. पेलाग्रासाठी उंदीर कामाचा नव्हता, कारण उंदराचं शरीर ट्रिप्टोफॅनपासून निकोटिनिक ॲसिड फार सहज बनवतं आणि त्याला हा आजार लवकर होतच नाही. कुत्र्याला होतो. त्याची जीभ काळी पडते, म्हणून त्या आजाराचं नावच ‘काळी जीभ’ आहे. भवानी बेळवाडी यांच्यासह गोपालन यांनी कुत्र्यांना ज्वारीचा आणि ल्युसिनचा आहार देऊन हा आजार अभ्यासला. प्राण्यांवरच्या प्रयोगांचं पहिलं सूत्र इथेच हाती लागतं, आणि पुढचं सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे: ज्या प्राण्याला उत्तर देता येईल, त्यालाच तो प्रश्न विचारायचा.

कातडीचा प्रश्न कुत्र्याला विचारून झाला, उदासीचा उरला. ट्रिप्टोफॅनला शरीरात आणखी एक काम असतं. मेंदू त्यापासून सेरोटोनिन बनवतो. चेतापेशी एकमेकींशी ज्या रसायनांमार्फत संपर्क साधतात, त्यांपैकी हे एक. ते झोप, भूक, मनःस्थिती, शरीराचं तापमान अशा कितीतरी गोष्टींत गुंतलेलं आहे. रक्तातलं ट्रिप्टोफॅन मेंदूत शिरतं ते एका ठरावीक वाहकाच्या मदतीने, आणि त्याच वाहकावर ल्युसिनचाही हक्क असतो. ल्युसिन फार झालं तर ट्रिप्टोफॅन बाहेर ताटकळणार. तसं असेल तर ल्युसिन खाल्लेल्या प्राण्याच्या मेंदूत सेरोटोनिन कमी भरायला हवं. हा प्रश्न उंदराला विचारता येत होता. कमला कृष्णस्वामी आणि टी. सी. रघुराम यांनी तो हैदराबादला विचारला आणि १९७२ मध्ये उत्तर छापलं. ल्युसिन दिलेल्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन घटलं होतं, आणि जोडीला आयसोल्युसिन हे आणखी एक अमिनो आम्ल दिलं की ही घट भरून येत होती. याच वर्षी मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि रेशनवर मिलो नावाची परदेशी ज्वारी येत होती. प्रयोगशाळेतला उंदीर आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला माणूस एकाच धान्याने एकमेकांशी जोडलेले होते. या गोष्टीचं मला फार मोल वाटतं.

ल्युसिनच्या सिद्धान्तावर पुढे वाद झाला. इतर प्रयोगशाळांमध्ये निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत. भाकरी खाणाऱ्याने यातून घाबरण्यासारखं काहीही नाही. भाकरीबरोबर वरण, ठेचा, शेंगदाणे, पालेभाजी, ताक असेल तर ज्वारी उत्तम धान्य आहे. नुसत्या ज्वारीवर आणि तीही अर्धपोटी राहावं लागणं, हा आजाराचा खरा पाया होता. ताटात चार जिन्नस आले तसा पेलाग्रा मागे हटला.

मेंदूतलं सेरोटोनिन घटलं किंवा वाढलं हे कळतं तरी कसं? रक्त तपासून कळत नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत जात नाही आणि मेंदूतलं रक्तात मोजता येत नाही. जिवंत माणसाच्या डोक्यात हात घालता येत नाही. म्हणून प्राणी.

या रसायनाचा शोधही प्राण्यांच्या अवयवांतूनच लागला. इटलीत व्हिट्टोरिओ एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात आतड्याच्या आवरणात स्नायू आकुंचित करणारा एक पदार्थ सापडला. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी १९४८ मध्ये गोवंशाच्या रक्तातून रक्तवाहिन्या आवळणारा एक पदार्थ वेगळा केला आणि त्याला सेरोटोनिन नाव दिलं. दोन्ही पदार्थ एकच निघाले. पण तो मेंदूत असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते दाखवलं बेटी ट्वॅरॉग या तरुण संशोधिकेने, १९५३ मध्ये. तिचं मोजमापाचं साधन होतं एका शिंपल्याचं हृदय. आपल्या कोकणात ज्यांचं सुकं करतात त्या तिसऱ्यांच्याच कुळातला हा शिंपला. त्याचं हृदय काढून खारट पाण्यात टांगलं तरी ते धडधडत राहतं, आणि सेरोटोनिनचा अगदी सूक्ष्म अंश पडला की त्या धडधडीचा जोर बदलतो. ट्वॅरॉगने सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा अर्क त्यावर सोडला आणि हृदयाने साक्ष दिली. त्या काळी रसायन मोजणारं यंत्र इतकं संवेदनशील नव्हतं. शिंपला होता.

दोनच वर्षांत यंत्रही आलं आणि त्याबरोबर मुंबईतून निघालेली एक गोष्ट नव्या वळणावर पोचली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी या मुळीच्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या, आणि रक्तदाब उतरला होता. सर्पगंधा आपल्याकडे वैद्य आणि वैदू शतकानुशतके वापरत आले. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याबद्दल लिहिलं होतं. पण पाश्चात्त्य डॉक्टरांनी वाचून हातातलं काम थांबवावं असा लेख वकिलांचा ठरला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने मुळीतलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळं केलं. १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकील होते. मराठी वाचकांना हे नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही.

रेसर्पिन टोचलेला ससा बघण्यासारखा असतो. तो झोपलेला नसतो, पण हलत नाही. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, पाठ वाकलेली, कान पडलेले, हाक मारली तरी उठायचं नाव नाही. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड प्लेचर आणि पार्कहर्स्ट शोर यांनी अशा सशांचे मेंदू नव्या प्रकाशमापक यंत्रावर तपासले. मेंदूतलं सेरोटोनिन जवळजवळ नाहीसं झालेलं होतं. हा निष्कर्ष १९५५ मध्ये छापला गेला. मेंदूतल्या एका रसायनाची पातळी औषधाने बदलते आणि प्राण्याचं वागणंही बदलतं, या दोन गोष्टी एकाच वेळी पहिल्यांदाच मांडल्या गेल्या. तिकडे रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होत असल्याचं डॉक्टर सांगत होते. सेरोटोनिन कमी झालं की उदासी येते, ही कल्पना इथून रुजायला लागली.

पण सशाने दिलेलं उत्तर नीट वाचलं गेलं नव्हतं. स्वीडनचे आर्विद कार्लसन काही महिने ब्रॉडींच्या प्रयोगशाळेत होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी विचारलं, रेसर्पिन सेरोटोनिन काढून टाकतं हे खरं, पण फक्त तेवढंच काढतं का? तसं नव्हतं. नॉरॲड्रेनलिन आणि डोपामिनही जात होतं. १९५७ मध्ये त्यांनी रेसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना डोपामिन बनवणारा कच्चा माल, एल-डोपा, टोचला. थोड्याच वेळात ससे कान उभारून हिंडू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला तेव्हा असं झालं नाही. म्हणजे निपचितपणाचा मोठा वाटा डोपामिनचा होता. या कामातून पार्किन्सनच्या आजारावरचं औषध आलं आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. एकच ससा, एकच अवस्था, पण तिच्यातून दोन प्रयोगशाळांनी दोन वेगळी वाक्यं वाचली.

या धड्यानंतर औषधशास्त्रज्ञांनी एक शिस्त लावून घेतली. सेरोटोनिनचा एखाद्या वागणुकीशी संबंध आहे म्हणायचं असेल, तर ते चारी बाजूंनी तपासायचं. ट्रिप्टोफॅन किंवा ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन देऊन सेरोटोनिन वाढवा. पॅराक्लोरोफेनिलॲलानिन देऊन ते बनणंच थांबवा. हे द्रव्य १९६६ पासून हाताशी आहे. पेशीने एकदा सोडलेलं सेरोटोनिन ती परत आत ओढून घेते, तो मार्ग क्लोमिप्रॅमिनसारख्या औषधाने बंद करा. आणि ज्या ग्राहीवर सेरोटोनिन जाऊन बसतं ती जागा मेथिसर्जाइड किंवा सायप्रोहेप्टाडिनने आधीच अडवा. सायप्रोहेप्टाडिन म्हणजे लेकरं जेवत नाहीत म्हणून आपल्याकडे मेडिकलमधून नेतात त्या भूक वाढवणाऱ्या सिरपमधलं औषध. चारही उत्तरं एकाच दिशेने आली, तरच सेरोटोनिनचं नाव घ्यायचं.

उत्तर वाचायचं कशावरून? अंगावरून. सेरोटोनिन वाढलं की उंदराच्या अंगात ठरावीक हालचाली होतात, आणि त्या इतक्या नेमक्या असतात की सरावलेला माणूस पिंजऱ्याकडे बघून सांगू शकतो. छोट्या उंदराला ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन दिलं की तो मधूनच डोकं जोरात झटकतो. १९६३ पासून या झटक्यांची मिनिटागणिक मोजणी हीच एक चाचणी झाली. हा झटका सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहीमुळे, ५-एचटी-२ए मुळे, येतो हे नंतर कळलं. मोठा पांढरा उंदीर भिजलेल्या कुत्र्यासारखं सगळं अंग झाडतो, आणि चाचणीचं नावही तेच आहे. सेरोटोनिन फारच वाढवलं तर तो पोट जमिनीला लावून पसरतो, मागचे पाय फाकतात, पुढचे पंजे एकाजागी आळीपाळीने आपटत राहतो, अंग थरथरतं आणि तापतं. १९७१ मध्ये डेव्हिड ग्रॅहेम-स्मिथ यांनी ट्रिप्टोफॅनबरोबर सेरोटोनिनचं विघटन थांबवणारं औषध देऊन या अवस्थेचा पद्धतशीर अभ्यास केला. माणसातही असं घडतं. उदासीवरची गोळी चालू असताना ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध भर घातल्यासारखं घेतलं, तर क्वचित हाच प्रकार होतो. ताप, घाम, थरथर, पायांचे झटके. डॉक्टरांना चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवावी, खोकल्याचं औषधसुद्धा, ते यासाठी.

या शिस्तीचं एक चोख काम सोलापुरात झालं. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९६३ मध्ये सुरू झालं. त्याच्या औषधशास्त्र विभागातून जे. जे. बलसारा, जे. एच. जाधव आणि ए. जी. चांदोरकर यांचा लेख १९७९ मध्ये ‘सायकोफार्माकॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. विषय होता: मेंदूतल्या सेरोटोनिनवर परिणाम करणाऱ्या औषधांनी हॅलोपेरिडॉलचा ताठरपणा वाढतो की घटतो?

या प्रश्नामागे माणूस आहे. हॅलोपेरिडॉल हे स्किझोफ्रेनियावरचं जुनं, स्वस्त आणि आजही सरकारी दवाखान्यात मिळणारं औषध. भास आणि संशय त्याने आवरतात, पण अनेक रुग्णांचं अंग ताठ होतं, चेहरा मख्ख होतो, हात कापतात, चाल अडखळते. घरचे म्हणतात, गोळ्यांनी आमचा माणूस लाकडासारखा झाला, आणि गोळ्या बंद करतात. आजार मग उलटतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं, त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. जळकोटसारख्या ठिकाणच्या घराला एवढ्या लांबच्या फेऱ्या परवडत नाहीत, म्हणून एकदा सुटलेलं औषध बहुधा सुटूनच जातं. ताठरपणा कमी करण्याची वाट शोधणं हा म्हणूनच जिव्हाळ्याचा प्रश्न होता.

उंदरात हा ताठरपणा मोजण्याची पद्धत इतकी साधी आहे की कोणत्याही महाविद्यालयाला परवडावी. काही सेंटिमीटर उंचीवर एक आडवी दांडी बसवायची. उंदराचे पुढचे दोन पंजे अलगद उचलून तिच्यावर ठेवायचे. धडधाकट उंदीर क्षणभरही तसा थांबत नाही, पंजे काढून चालू लागतो. हॅलोपेरिडॉल दिलेला उंदीर तसाच राहतो. मागचे पाय जमिनीवर, पुढचे दांडीवर, अवघडलेला, पण ती अवस्था त्याला मोडता येत नाही. तो किती सेकंद तसा राहतो ते घड्याळावर बघायचं. या अवस्थेला कॅटॅलेप्सी म्हणतात. हॅलोपेरिडॉल मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामिनच्या ग्राही अडवतं, म्हणून ती येते.

सोलापूरच्या उंदरांनी दिलेलं उत्तर एका दिशेचं होतं. सेरोटोनिनचं काम वाढवणारी औषधं दिली की ताठरपणा वाढे, सेरोटोनिनला अडवणारी दिली की तो उतरे. वॉर्सा इथे कोस्टोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये याच दिशेचं काही पाहिलं होतं. मेंदूच्या देठात राफे नावाचं केंद्र आहे. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी प्रामुख्याने तिथेच असतात, उंदरात वीस हजारांच्या आसपास, माणसात काही लाख. ते केंद्र नष्ट केलेल्या उंदरांत अशा औषधांचा ताठरपणा कमी आला. दोन्ही गोष्टी जोडल्या की चित्र उभं राहतं: राफेकडून येणारं सेरोटोनिन डोपामिनच्या पेशींना आवर घालतं. डोपामिन आधीच औषधाने अडवलेलं असेल, तर हा आवर जास्तच जाचतो. सेरोटोनिनला थोडं बाजूला केलं की डोपामिनला श्वास घ्यायला जागा मिळते.

१९८०च्या दशकात औषध कंपन्यांनी हीच कल्पना उचलली. डोपामिन आणि सेरोटोनिन या दोघांच्याही ग्राही एकाच गोळीने अडवायच्या, म्हणजे भास आवरतील आणि अंग कमी ताठेल. रिस्पेरिडोन हे त्या विचाराचं औषध. अमेरिकेत १९९३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आज लातूर-नांदेडच्या कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर ते दिसतं. रिस्पेरिडोन सोलापुरातून आलं, असं मी म्हणत नाही. ज्या तर्काच्या भिंतीवर ते उभं राहिलं तिच्यात सोलापूरचीही एक वीट आहे, आणि ती दांडी, घड्याळ आणि काटेकोर प्रश्न एवढ्या सामानावर घडवलेली आहे. मुंबईत गोरेगावला सिबाचं मोठं संशोधन केंद्र १९६३ पासून चालू होतं. तिथे तयार झालेलं नायट्रॉक्झाझेपिन हे उदासीवरचं औषध ‘सिंटामिल’ या नावाने १९८२ मध्ये भारतीय बाजारात आलं. त्या कामाला कंपनीचं बळ होतं. जिल्ह्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हाताशी धरून जगाच्या चर्चेत भर घालणं मला जास्त कौतुकाचं वाटतं.

आता उदासीवरच्या गोळ्यांकडे. फ्लुओक्सेटिन, एसिटॅलोप्रॅम यांसारखी औषधं पेशीला सेरोटोनिन परत ओढून घेऊ देत नाहीत. एली लिली कंपनीत डेव्हिड वाँग, ब्रायन मॉलॉय आणि रे फुलर यांनी फ्लुओक्सेटिनचा हा गुण उंदरांच्या मेंदूच्या पेशींवर तपासला आणि १९७४ मध्ये जाहीर केला. अमेरिकेत मान्यता मिळायला १९८७ उजाडलं. पण या गोळ्यांचं एक कोडं रुग्णाला रोज छळतं. सेरोटोनिनचा मार्ग पहिल्याच दिवशी अडतो, बरं मात्र दोन-तीन आठवड्यांनी वाटायला लागतं. त्या मधल्या दिवसांत, मळमळ सोसूनही फरक दिसत नाही म्हणून, गावाकडचे कितीतरी रुग्ण गोळी सोडतात.

याचं एक उत्तर उंदराने दिलं. कॅनडात मॉन्ट्रिऑल इथे पिएर ब्लिए आणि क्लोद द मोंतिन्यी यांनी १९८०च्या दशकात उंदरांच्या राफेमध्ये सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून तिथल्या पेशींचे ठोके ऐकले. गोळी सुरू झाली की राफेभोवती सेरोटोनिन साचतं, आणि राफेच्या पेशींवर असलेल्या ५-एचटी-१ए या ग्राहींना वाटतं की आता पुष्कळ झालं. पेशी आपला वेग कमी करतात. म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं. रोज औषध चालू ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांत या ग्राही बोथट होतात, पेशी पूर्वीच्या वेगाने चालू लागतात आणि तेव्हा कुठे सेरोटोनिनचं वहन खरोखर वाढतं. आणखीही कारणं असतील, मेंदू एका कारणावर चालत नाही. पण ‘पंधरा दिवस कळ काढा’ या डॉक्टरांच्या बोलण्यामागे एवढं ठोस काही आहे हे रुग्णाला सांगितलं, तर तो कळ काढतो.

सगळेच प्रश्न असे नीट विचारले गेलेले नाहीत. १९७७ मध्ये फ्रान्समध्ये काम करणाऱ्या रॉजर पोर्सोल्ट यांनी पोहण्याची चाचणी मांडली. पाण्याने भरलेल्या उभ्या काचपात्रात उंदराला सोडायचं. तो आधी धडपडतो, मग नाक वर ठेवून तरंगत राहतो. उदासीवरचं औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. तरंगण्याला ‘हताशा’ म्हटलं गेलं, आणि इथे घोटाळा झाला. उंदीर हताश होतो की बाहेर पडायला वाट नाही हे ओळखून शक्ती राखतो, हे तरंगणं बघून सांगता येत नाही. शिवाय एक-दोन डोसांनी लगेच दिसणारा हा परिणाम, आणि माणसात लागणारे आठवडे, यांचा मेळ बसत नाही. सेरोटोनिनवर काम करणारी औषधं पोहणं वाढवतात आणि नॉरॲड्रेनलिनवाली वर चढण्याची धडपड वाढवतात, एवढं वेगळं काढता येतं हे खरं. तेवढा प्रश्न उंदराला समजतो. ‘तू उदास आहेस का’ हा समजत नाही.

आपल्या राज्यात फार्मसीच्या पदव्युत्तर प्रबंधांमध्ये ही चाचणी फार सोपी वाट होऊन बसली आहे. बांधावरच्या एखाद्या वनस्पतीचा अर्क घ्यायचा, उंदराला पाजायचा, पाण्यात सोडायचं, तरंगण्याचे सेकंद घटले की ‘उदासीवर गुणकारी’ असं लिहायचं. पुढे कोणती ग्राही, कोणतं द्रव्य, ते मेंदूत पोचतं का, हे विचारणारे थोडे. उंदराचा जीव घेऊन इतका पोकळ प्रश्न विचारू नये, असं मला मनापासून वाटतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२४ मध्ये ही चाचणी कायद्याने बंद केली. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आणि प्रयोगांचे नियम १९९८ चे आहेत. प्रत्येक संस्थेत प्राणी-नीतिसमिती असावी लागते आणि प्रयोग तिच्यापुढे मांडूनच करावा लागतो. २०१४ मध्ये एमबीबीएसच्या शिकवणीतून जिवंत प्राण्यांवरची प्रात्यक्षिकं गेली. त्याआधीपासून पाँडिचेरीच्या जिपमेरमध्ये आर. रवीन्द्रन यांनी बनवलेल्या संगणक-प्रणालीवर विद्यार्थी तेच धडे शिकू लागले होते. तोच धडा शिकण्यासाठी पुन्हा पुन्हा बेडूक मारण्यात काही अर्थ नव्हता.

प्राण्यांनी ज्याचा इशारा दिला नाही असाही एक प्रसंग या इतिहासात आहे. फेनफ्लुरामिन हे भूक मारणारं औषध सेरोटोनिन सोडायला लावून काम करायचं. अमेरिकेत लाखो स्थूल माणसांनी ते घेतलं, आणि १९९७ मध्ये त्यांच्यातल्या काहींच्या हृदयाच्या झडपा जाड झाल्याचं आढळून ते बाजारातून काढावं लागलं. नेहमीच्या प्राणी-चाचण्यांत हे लक्षात आलेलं नव्हतं. कारण शोधल्यावर ते ५-एचटी-२बी या ग्राहीपाशी सापडलं. ही ग्राही झडपांच्या पेशींवर असते आणि ती सतत डिवचली गेली की त्या पेशी वाढत जातात. आता सेरोटोनिनशी संबंध येणारं कोणतंही नवं द्रव्य अगदी सुरुवातीला बशीतल्या जिवंत पेशींवर या एका ग्राहीसाठी तपासलं जातं. तिथे ते ग्राहीला डिवचताना दिसलं, तर बहुतेक कंपन्या ते तिथेच टाकून देतात, आणि त्या द्रव्यासाठी एकही उंदीर पिंजऱ्यातून बाहेर काढावा लागत नाही.